आधी नोंदणी, मग तिकीट

‘ताई, मी नऊ वर्षांपासून स्टाफ नर्स आहे, त्यातली शेवटची सहा वर्षं आयसीयूत. परदेशी जायचं हे नवऱ्याचं आणि माझं ठरलंय, पण कुठे आणि कसं, यावरच घोडं अडलंय. एक एजंट म्हणतो, नर्स म्हणून जायला परीक्षा आणि कागदपत्रांत दीड वर्ष जाईल. त्यापेक्षा ब्रिटनमध्ये वृद्धांच्या केअर होमला मदतनीस म्हणून लगेच लावतो, नर्स काय ते तिथे गेल्यावर व्हा. त्याला मोठी रक्कम आगाऊ हवी आहे आणि माझी मूळ प्रमाणपत्रं त्याने ‘बघायला’ म्हणून ठेवून घेतली आहेत. आखातात असलेली मैत्रीण म्हणते, इकडे ये, लवकर काम होईल. जर्मनीला गेलेली दुसरी म्हणते, इथे रुग्णांना आंघोळही आपणच घालायची, तू आयसीयूतली, तुला जमायचं नाही. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण बोलताना अडखळते. इतक्या अनुभवानंतर पुन्हा परीक्षा द्यायच्या, शून्यापासून सुरुवात करायची, याची भीती वाटते. आणि मुलगी पाच वर्षांची आहे. तिला मागे ठेवून जावं का?’

सगळ्यात आधी प्रमाणपत्रं परत घ्या. आजच. एजंटला मूळ कागद ठेवून घ्यायचं काहीच कारण नाही. प्रती पुरतात, आणि परदेशातल्या नर्सिंग परिषदा, म्हणजे नर्सांची नोंदणी करणाऱ्या संस्था, महत्त्वाची माहिती तुमच्या कॉलेजकडून आणि तुमची नोंदणी असलेल्या परिषदेकडून थेट मागवतात. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असले की नको असलेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणणं अवघड होऊन बसतं. कागद हातात येईपर्यंत त्याच्याशी पैशांचा विषयही काढू नका.

आणि तो ज्या रस्त्याने पाठवायचं म्हणतोय, तो रस्ता आता बंद आहे. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून केअर वर्कर आणि सीनिअर केअर वर्कर यांची परदेशातून होणारी नवी भरती थांबवली. त्याच्याही आधी, ११ मार्च २०२४ पासून, या कामावर येणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत आणता येत नव्हती. नोंदणीकृत नर्ससाठी व्हिसाचा मार्ग खुला आहे आणि तिला कुटुंबही नेता येतं. एजंटला हे ठाऊक नसेल तर तुमचं आयुष्य त्याच्या हाती सोपवायच्या लायकीचा तो नाही. ठाऊक असूनही पैसे मागत असेल, तर तो तुम्हाला फसवतोय.

रस्ता खुला असता तरी मी तुम्हाला जाऊ नका असंच म्हटलं असतं, आणि त्यामागचं कारण तुम्ही कुठलाही देश निवडलात तरी लागू आहे. तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण म्हणजे तिथल्या परिषदेच्या नोंदवहीत नर्स म्हणून असलेलं तुमचं नाव. ते असेल तर एक मालक वाईट निघाला तरी दुसरं हॉस्पिटल तुम्हाला घेऊ शकतं. ते नसेल तर तुम्ही त्या एका मालकावर, त्याच्या परवान्यावर आणि त्याच्या मर्जीवर टांगलेल्या असता. ब्रिटनमध्ये अनेक केअर कंपन्यांचे परदेशी माणसं नेमायचे परवाने रद्द झाले, तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या माणसांना नवा प्रायोजक, म्हणजे व्हिसासाठी पुढे येणारा नवा मालक, शोधायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळत होती. कर्ज काढून आलेल्या माणसासाठी ६० दिवस म्हणजे काहीच नाही. शिवाय ‘तिथे गेल्यावर नर्स व्हा’ हे ऐकायला सोपं वाटतं. दिवसभर अंगमेहनतीचं काम करून रात्री अभ्यासाला बसायचं, त्यात दोन-तीन वर्षं निघून जातात. तोवर नर्स म्हणून केलेलं शेवटचं काम जुनं होतं, आणि बऱ्याच परिषदा नेमका अलीकडचा अनुभवच विचारतात. आयसीयूतली सहा वर्षं अशी वाया घालवू नका.

पैशांबद्दल. परीक्षेची फी, भाषेच्या चाचणीची फी, परिषदेची नोंदणी फी हे खर्च खरे आहेत. ते परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावर लिहिलेले असतात आणि आपल्या हाताने थेट तिथेच भरायचे असतात. नोकरी मिळवून देण्याचा मोबदला मात्र नोकरी देणाऱ्याने द्यायचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा खासगी रोजगार संस्थांविषयीचा करार हेच तत्त्व मांडतो. ब्रिटनमध्ये परदेशातून आरोग्य कर्मचारी भरती करण्याची वेगळी आचारसंहिता आहे. तीही उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेऊ देत नाही, आणि ती पाळणाऱ्या संस्थांची यादी जाहीर केलेली असते. जर्मनीतही प्रामाणिक भरतीसाठी सरकारी गुणवत्ता चिन्ह दिलं जातं. काही देशांचे कायदे एजंटला ठरावीक मर्यादेत सेवाशुल्क घेऊ देतात, ते समजू शकतं. तुमच्याकडे मागितलेली ‘मोठी रक्कम, आधीच’ त्यात बसत नाही.

आता देशांविषयी. मैत्रिणी आपापल्या अनुभवावरून सांगतात आणि तो अनुभव खराच असतो, पण त्यांचं घर, वय, गरज तुमच्यासारखी नसते. तुम्ही दोघांनी आधी एका प्रश्नाचं उत्तर एकमेकांना द्यायला हवं: काही वर्षं कमावून परत यायचंय, की मुलीचं शिक्षण तिथेच करून कायमचं राहायचंय? पत्रात हे कुठेच नाही, आणि देशाची निवड बरीचशी यावरच ठरते.

परत यायचं असेल तर आखात वाईट नाही. कागदपत्रांची पडताळणी डेटाफ्लो या कंपनीमार्फत होते, मग संगणकावरची परवाना परीक्षा होते, जिला सगळे ‘प्रोमेट्रिक’ म्हणून ओळखतात. पगारावर आयकर नसतो. पण नोकरी संपली की राहण्याचा परवानाही संपतो, आणि सर्वसाधारण नर्सला तिथे कायमचं वास्तव्य मिळणं दुर्मीळ. मुलीच्या पुढच्या पंधरा वर्षांचा विचार करत असाल तर हे आधीच धरून चाला.

जर्मनीबद्दल मैत्रिणीने सांगितलं ते खरं आहे, पण तिने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तिथे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे प्रशिक्षित नर्सचंच काम मानलं जातं, आणि आपल्याला नेहमीची वाटणारी काही कामं, उदाहरणार्थ शिरेत सुई लावणं, बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. आयसीयूतून गेलेल्या नर्सला सुरुवातीला हा अपमान वाटतो. मला तसं वाटत नाही. अंग पुसताना पाठीवरची लाली दिसते, श्वास लागतोय का ते कळतं, माणूस कालच्यापेक्षा गोंधळलेला आहे का हे त्याच्या बोलण्यावरून समजतं. मॉनिटरवर न दिसणारं बरंच काही तिथे हाताला लागतं. तेव्हा जर्मनी नाकारायची असेल तर आंघोळीच्या कारणाने नाकारू नका. खरा प्रश्न भाषेचा आहे. पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-टू, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीचं, जर्मन लागतं; नोकरी करत शिकायचं तर एक वर्ष सहज जातं, अनेकींना जास्त लागतं. तिथल्या १६ राज्यांपैकी तुम्ही जाल त्या राज्याचं कार्यालय तुमच्या शिक्षणाची तुलना त्यांच्या अभ्यासक्रमाशी करतं, कमतरता लेखी कळवतं, आणि मग ती भरून काढायला एकतर ज्ञान परीक्षा द्यायची किंवा पूरक प्रशिक्षण घ्यायचं. नवी भाषा शिकायची तुम्हाला मनापासून आवड असेल तर हा सुरक्षित मार्ग आहे. नावडत्या भाषेत नर्सिंग करणं मात्र फार जड जातं.

ब्रिटनला नर्स म्हणून जायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची परीक्षा दोन टप्प्यांत असते. पहिली संगणकावरची, आपल्या देशात किंवा जवळच्या केंद्रावर देता येते. औषधांच्या मात्रांचं गणित वेगळं आणि नर्सिंगचे प्रश्न वेगळे. दुसरी प्रात्यक्षिक, तिला ‘ऑस्की’ म्हणतात, दहा स्टेशनांची, ती तिथे पोहोचल्यावर. तोवर तुम्ही कमी श्रेणीवर काम करता. व्हिसाच्या नियमानुसार पहिला प्रयत्न तीन महिन्यांच्या आत आणि नोंदणी आठ महिन्यांच्या आत व्हावी लागते. अनुभवी नर्स या ऑस्कीत नापास होतात तेव्हा कारण ज्ञानाचं नसतं. त्यांचे हात मुकाट्याने काम उरकतात. हात धुणं, स्वतःची ओळख देणं, रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याकडूनच वदवून घेणं, अ‍ॅलर्जी विचारणं, संमती घेणं, हे सगळं परीक्षकाला दिसावं आणि ऐकू यावं लागतं. ही सवय तुम्ही आजच्या ड्यूटीपासून लावू शकता, त्याला क्लासची गरज नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्या. ब्रिटनमध्ये परदेशी नर्सांची मागणी ओसरली आहे. २०२४-२५ मध्ये परदेशातून येऊन नोंदणी करणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी होती. म्हणून सगळी भिस्त एकट्या ब्रिटनवर ठेवू नका.

मी तुमच्या जागी असते तर एनक्लेक्स-आरएन या नर्सिंग परवाना परीक्षेची तयारी सुरू केली असती. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांच्या नोंदणीत ही परीक्षा चालते. संगणक तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, आणि पाच तास. एप्रिल २०२३ पासून तिच्यात निर्णयक्षमता तपासणारे प्रश्न वाढले: रुग्णाची टिपणं समोर येतात, त्यातलं काय चिंताजनक, आधी काय कराल, नंतर काय बघाल. आयसीयूत तुम्ही रोज हेच करता. पाठांतरावर जगणाऱ्या नव्या मुलींपेक्षा तुम्हाला ही परीक्षा सोपी जाईल असं मला खरंच वाटतं. अमेरिकेत ग्रीन कार्डची रांग मात्र लांब असते, आणि ती तुमच्या जन्माच्या देशानुसार ठरते, सध्या कुठे राहता यानुसार नाही. अमेरिकन सरकारच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ती कधी पुढे सरकते, कधी मागेही जाते. जमेची बाजू अशी की जोडीदार आणि २१ वर्षांखालचं अविवाहित मूल तुमच्याबरोबरच येऊ शकतं. ऑस्ट्रेलियात एनक्लेक्सनंतर अ‍ॅडलेडला प्रात्यक्षिक परीक्षा असते. दोन्ही अर्ज समांतर चालवायला हरकत नाही.

परिषदांचे नियम एजंटच्या तोंडून ऐकू नका. प्रत्येक परिषदेच्या संकेतस्थळावर परदेशात शिकलेल्या नर्ससाठी स्वतंत्र पान असतं. नवऱ्याबरोबर बसून ते एकदा पूर्ण वाचा. कंटाळवाणं आहे, पण अर्धे गैरसमज तिथेच गळून पडतात. तिथेच एक जुनं दुखणंही बाहेर येतं: कागदांवरची नावं. लग्नाआधीचं नाव गुणपत्रिकेवर, नंतरचं पासपोर्टवर, कुठे वडिलांचं नाव पुढे, कुठे एखादं अक्षर कमी. अर्ज करण्यापूर्वी हे एकसारखं करून घ्या किंवा फरकाचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. कॉलेजकडून विषयवार तासांचा तपशीलही आत्ताच मागा, कारण जुन्या नोंदी शोधायला कार्यालयं वेळ लावतात आणि त्या वेळेवर तुमचा ताबा नसतो.

इंग्रजीचं. आयेलट्स या सर्वसाधारण इंग्रजी चाचणीऐवजी ओईटीचा, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी चाचणीचा, विचार करा. तिचा बोलण्याचा भाग म्हणजे रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी संवाद, आणि लिहायचं असतं ते बहुतेकदा संदर्भ पत्र किंवा डिस्चार्जचं पत्र. विषय तुमच्या रोजच्या कामातला असल्याने शब्द शोधावे लागत नाहीत. ब्रिटनसाठी वाचन, ऐकणं आणि बोलण्यात बी तर लेखनात सी-प्लस श्रेणी लागते. आयेलट्स दिली तर तिन्हींत ७ आणि लेखनात ६.५. एका बैठकीत सगळं जमलं नाही तर बारा महिन्यांतल्या दोन बैठकींचे निकाल ठरावीक अटींवर एकत्र धरले जातात. हे निकाल साधारण दोनच वर्षं ग्राह्य असतात, म्हणून तयारी आत्ता सुरू करा आणि परीक्षा अर्जाच्या जवळ द्या. घाईने आधी देऊन ठेवलेला निकाल ऐन वेळी शिळा झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

अडखळण्यावर उपाय व्याकरणाच्या पुस्तकात नाही. रोज ड्यूटी संपली की एका रुग्णाचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला द्यायची माहिती, मोठ्याने इंग्रजीत द्या, नवऱ्याला समोर बसवून. एसबीएआरच्या क्रमाने: आत्ता काय झालंय, आधी काय घडलं होतं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. मग तोच हँडओव्हर पाठमोरं उभं राहून द्या, म्हणजे फोनवर बोलल्यासारखं होईल. समोर माणूस दिसत नसताना बोलणं सगळ्यात अवघड, आणि रात्री डॉक्टरांना फोन करायची वेळ येते तेव्हा तेच लागतं.

शून्यापासून सुरुवात करण्याची तुमची भीती मला पूर्ण कळते, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पहिले काही महिने तुम्हाला लहान झाल्यासारखं वाटेल. व्हेंटिलेटर सांभाळलेल्या बाईला शिरेतून औषध द्यायची परवानगी मिळायला तिथल्या कुणाची तरी सही लागेल. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी तुम्हाला औषधाची ट्रॉली कशी लावायची ते दाखवेल. यात तुमच्या कौशल्यावर शंका नसते, त्यांच्याकडे जबाबदारी सहीनिशी हस्तांतरित होते एवढंच. तेव्हा राग गिळण्यापेक्षा सह्या पटापट मिळवा.

खरा बदल वेगळ्याच ठिकाणी होतो. अनेक देशांत नर्सने बोलावं अशी अपेक्षा असते. ब्रिटनच्या वॉर्डांत न्यूज-टू नावाचा तक्ता असतो: श्वसनाचा वेग, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था, तापमान, यांना गुण द्यायचे. बेरीज ५ झाली की तातडीने कळवायचं, ७ झाली की आणीबाणी. तुम्ही कळवलं नाही, डॉक्टर व्यस्त होते म्हणून थांबलात, तर जाब तुम्हाला द्यावा लागतो, कारण नोंदणी तुमच्या नावावर आहे. वरिष्ठ डॉक्टरांना ‘हा डोस मला बरोबर वाटत नाही’ असं सांगणं तिथे उद्धटपणा ठरत नाही, न सांगणं हलगर्जीपणा ठरतो. वर्षानुवर्षं मान खाली घालून ऑर्डर पाळलेल्या नर्सला याची सवय व्हायला भाषेपेक्षा जास्त वेळ लागतो. पण एकदा झाली की या कामातला मान काय असतो ते पहिल्यांदा कळतं, आणि केवळ त्यासाठीही परदेशी जावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही एकट्याही नसाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सात नर्सांपैकी एक दुसऱ्या देशात जन्मलेली आहे.

नोकरीचा करार आला की पगाराचा आकडा शेवटी बघा. आधी बघा, लवकर नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यावे लागतील, आणि ती रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते. ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार अशी वसुली पारदर्शक आणि प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात असावी लागते. न्यूयॉर्कमधल्या संघराज्य न्यायालयाने २०१९ मध्ये फिलिपिनो नर्सांच्या करारातला २५ हजार डॉलरचा दंड बेकायदेशीर ठरवला. त्या नर्सांना तिथवर पोहोचायला बरीच झुंज द्यावी लागली. तुम्ही सहीपूर्वीच विचारा: परीक्षेत नापास झाले तर काय, पुढच्या प्रयत्नाची फी कोणाची, वॉर्ड कोणता, आयसीयू असं लेखी आहे का. तोंडी आश्वासन धरू नका. पासपोर्ट कुणाकडेही ठेवायचा नाही. आणि पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात तिथल्या नर्सांच्या संघटनेची सभासद व्हा.

आता मुलगी. ब्रिटनसारख्या ठिकाणी पोहोचल्यावर परीक्षा असेल तर पहिले काही महिने एकटं जावं असं माझं मत आहे. ऑस्कीची मुदत, नवं घर, नाइट ड्यूटी आणि नवी शाळा हे एकदम अंगावर घेऊ नका. पण ‘बघू, जमेल तेव्हा नेऊ’ असंही करू नका. नोंदणी झाल्यावर किती आठवड्यांत ती आणि नवरा येणार हे जाण्याआधी ठरवा, त्यांच्या व्हिसाचा आणि प्रवासाचा खर्च वेगळा काढून ठेवा, आणि पाच वर्षांच्या मुलीला समजेल अशा भाषेत तिला ते सांगा. झोपेतून उठल्यावर आई गेलेली आहे असं कधीही होऊ देऊ नका. अमेरिकेचं जमलं तर हा प्रश्नच येणार नाही, तिघं एकत्र जाल.

नवऱ्याशीही एक बोलणं राहिलंय. तिथे गेल्यावर काही काळ घर तुमच्या एकटीच्या पगारावर चालेल आणि मुलीचं सगळं त्याला बघावं लागेल. त्याचं शिक्षण, त्याचा अनुभव तिथे धरला जातो का, हे त्याने तुमच्या तयारीच्या काळातच शोधायला हवं. नर्स बायकोबरोबर गेलेले अनेक पुरुष पहिल्या वर्षी मनाने खचतात, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

सध्याची नोकरी आणि आयसीयू सोडू नका. अभ्यासासाठी राजीनामा देऊन घरी बसलात तर अलीकडच्या अनुभवात खंड पडेल. राजीनामा द्यायचा तो परिषदेचं पत्र, सही झालेला करार आणि व्हिसा हे तिन्ही हातात आल्यावर. नोटीस पिरियड किती आहे ते आत्ता तपासून ठेवा, आणि निघताना आयसीयूतल्या सहा वर्षांचा अनुभव दाखला कामाच्या तपशिलासह घ्या: किती खाटांचं युनिट, कोणत्या प्रकारचे रुग्ण, व्हेंटिलेटरवरचं काम. तिथला मुलाखतकार पहिल्यांदा हेच विचारेल.